मुद्दाम हरणाऱ्यांविषयी

खेळात लबाडी करून जिंकणाऱ्या माणसासाठी मराठीत शिव्यांची उत्तम सोय आहे. लहानपणी ‘रडीचा डाव खडी’ असं ओरडून त्याला हाकलून देता येतं, मोठेपणी त्याला शकुनीमामा म्हणता येतं, आणि अगदीच कडेलोट झाला तर डाव उधळून घरी निघून जाता येतं. पण लबाडी करून हरणाऱ्या माणसाला काय म्हणायचं? त्याच्यासाठी मला तरी एक धड शब्द सापडलेला नाही. ज्याला नाव नाही ते पापच नव्हे, असं आपण सगळ्यांनी मिळून ठरवून टाकलेलं दिसतं. मुद्दाम हरणारा उलट मोठ्या मनाचा ठरतो. त्याच्या बायकोला त्याचा अभिमान वाटतो. (लबाडी करून जिंकणाऱ्याच्या बायकोलाही वाटतो, पण ती तसं बोलून दाखवत नाही.)

हा प्रश्न माझ्या डोक्यात शिरला तो आमच्या शनिवारच्या कॅरममुळे. आमचा शनिवारचा कॅरम हा खेळ नसून व्रत आहे. रात्री साडेआठ ते अकरा. माणसं चार : अण्णा, वकील, मास्तर आणि मी. घर अण्णांचं, बोर्ड अण्णांचा, चहा वहिनींचा. तेव्हा निदान पावडर तरी आपण न्यावी म्हणून बोरिक पावडरचा डबा वकिलांचा. मास्तर गणिताचे असल्यामुळे गुणांची वही त्यांच्याकडे. अशा वह्या आता अकरा झाल्या आहेत आणि कुठल्या साली कोणत्या पावसाळ्यात कोण किती गुणांनी हरलं हे मास्तर उघडून दाखवू शकतात. उघडायला सांगितलं नाही तरी दाखवतात. जोड्या ठरलेल्या. अण्णा आणि मास्तर एकीकडे, वकील आणि मी दुसरीकडे. वकिलांचा खेळ उत्तम आहे. माझा नाही. माझ्यासारखा भिडू घेऊन इतकी वर्षं लढणाऱ्या वकिलांना कोर्टातली अशिलं कधीच जड गेली नसतील.

अण्णा मात्र निराळ्याच जातीचे. ते कारखान्यात ड्राफ्ट्समन होते. नकाशे संगणकावर निघू लागले त्याच्या आधीच्या काळातले. म्हणजे ट्रेसिंग पेपरवर शाईनं रेघ ओढायची आणि चुकली तर ब्लेडनं हलकेच खरवडायची. अण्णांच्या टेबलावर ब्लेड नसायचं, अशी त्यांची ख्याती. तोच हात कॅरमवर. अण्णा बेसलाइनवरून इतका पातळ कट मारायचे की आपल्याला काहीतरी लागलं हे सोंगटीला भोकात पडल्यावर कळावं. राणी घेतली की कव्हर त्यांच्या हातून सुटायचं नाही. आणि हे सगळं करताना तोंडानं एक शब्द नाही. आम्ही इतर तिघं मात्र सोंगटी जाण्याआधी, जाताना आणि न गेल्यावर, असे तिन्ही वेळा बोलत असू.

दोन वर्षांपूर्वी त्या हाताला कंप सुटला. डॉक्टरांनी औषधं दिली. हात पूर्वीसारखा होईल, असं मात्र म्हणाले नाहीत. पहिल्यांदा चहाची बशी वाजायला लागली. वहिनींनी काही न बोलता कपबशी बंद करून मग सुरू केले. पण कॅरममध्ये बशीच्या जागी मग आणायची सोय नाही. स्ट्रायकर ठेवायचा तर हात बोर्डावर टेकावाच लागतो, आणि टेकला की दिव्याखाली सगळं दिसतं. चौऱ्याहत्तर सेंटिमीटर लांबीरुंदीचा तो चौकोन. त्यात लपायला जागा नाही. अण्णा पहिल्यांदाच ओळीनं हरू लागले. वहीत मास्तरांचं अक्षरही त्या दिवसांत बारीक झालेलं आहे.

एका शनिवारी जिना उतरताना वकील हळूच म्हणाले, “आपण जरा सांभाळून घेऊ या.”

‘सांभाळून घेणं’ हा शब्दप्रयोग ज्यानं काढला त्याला मराठी माणसानं दंडवत घालावा. गवई बेसूर झाला तर पेटीवाला सांभाळून घेतो. जावई चारचौघांत अडाण्यासारखं बोलला तर सासरा सांभाळून घेतो. लग्नात जिलबी कमी पडली तर वाढपी सांभाळून घेतात, म्हणजे मठ्ठा जास्त वाढतात. आपल्याकडची निम्मी माणुसकी या एका शब्दावर चालली आहे, आणि निम्मा खोटेपणाही. या दोन निम्म्यांमधली रेघ नेमकी कुठे आहे हे सांगायला अण्णांसारखा ड्राफ्ट्समनच हवा.

मास्तरांनी तिथल्या तिथे विरोध केला. ते म्हणाले, “नापास पोराला मीही वर चढवला आहे. पण तेव्हा प्रगतिपुस्तकात तांबड्या शाईनं लिहायचो ‘वर चढवला’. पास झाला असं नाही लिहिलं कधी.”

“मास्तर,” वकील म्हणाले, “आठवड्याचे सहा दिवस तो हात त्यांना खरं तेच सांगत असतो. शर्टाचं बटण लावताना सांगतो, सही करताना सांगतो. खरं ऐकायला शनिवारची रात्रच कमी पडली आहे का?”

यावर मास्तरांना उत्तर सुचलं नाही. मलाही सुचलं नाही आणि आजही नीटसं सुचलेलं नाही. वकिलांवर पुढे मी जी काही टीका करणार आहे ती हे वाक्य उशाशी ठेवूनच वाचावी.

माझी अडचण निराळी होती. मी प्रामाणिकपणे हरणारा माणूस आहे. मुद्दाम हरायला जे कौशल्य लागतं ते माझ्याजवळ असतं तर मी जिंकलो नसतो का? नेम चुकवायलाही नेम लागतो. वकिलांच्या आग्रहावरून एकदा मी अगदी सोपी सोंगटी चुकवायला गेलो, तर स्ट्रायकर दोन कडांना आपटून परत आला आणि तिसरीकडचीच सोंगटी आत घालून राणीला खेटून उभा राहिला. एवढा देखणा फटका त्या बोर्डानं माझ्या हातून कधी पाहिला नव्हता. अण्णांनी कौतुकानं मान हलवली. तेव्हापासून मला या कटातून मुक्त करण्यात आलं आणि ‘तुम्ही नेहमीसारखंच खेळा’ एवढीच माझ्याकडून अपेक्षा ठेवण्यात आली. ती मी पुरी केली.

वकिलांचं हरणं मात्र पाहण्यासारखं होतं. नुसतं चुकवणं नाही. चुकवताना अण्णांची सोंगटी अलगद भोकाच्या ओठावर नेऊन ठेवायची, की पुढे थरथरत्या हाताचा धक्कासुद्धा पुरावा. राणी घ्यायची आणि कव्हर हळहळत सोडायचं. ती हळहळ तर अशी की गंधर्वांच्या नाटक मंडळीत बक्षीस मिळावं. अण्णा पाच शनिवार ओळीनं जिंकले.

आता यात कुणाचं काय बिघडलं? पैसे लावलेले नाहीत. जिंकणाऱ्याला बक्षीस नाही, हरणाऱ्याला दंड नाही. एक आजारी माणूस खूश झाला. मी हा हिशेब अनेकदा मांडून पाहिला आणि प्रत्येक वेळी एक पैशाचा फरक राहिला. तो कुठे राहतोय ते कळेना.

वास्तविक मुद्दाम हरणं ही आपल्या रोजच्या व्यवहारातली गोष्ट. ऑफिसच्या जिमखान्यात साहेबांबरोबर खेळलेल्या कुणालाही हे शिकवावं लागत नाही. साहेब जिंकतात, आपण ‘काय कट मारला साहेब’ म्हणतो आणि मार्चमध्ये गोपनीय अहवाल बरा येतो. ही सरळ लाच आहे. फक्त ती सोंगट्यांत दिलेली असते. घरी नातवाशी सापशिडी खेळताना आपण हरलो तर ते वात्सल्य. (खरं तर सापशिडीत हरायचं ठरवून हरताच येत नाही, फासा पडेल तसं पडायचं. ज्ञानेश्वरांशी परंपरेनं ज्याचं नातं जोडलं जातं तो मोक्षपट याच कुळातला. त्यात मोक्ष मिळेल किंवा नरक, पण समोरच्याला ‘सांभाळून घ्यायची’ मुभा नाही. हे मला फार मोठं सूत्र वाटतं.) नवराबायकोच्या खेळात कुणी मुद्दाम हरलं तर त्याला संसार म्हणतात. दिवाळीच्या पाडव्याला द्यूतप्रतिपदा असंही नाव आहे, कारण त्या दिवशी पार्वतीनं शंकराला द्यूतात हरवलं अशी कथा आहे. वेरूळच्या एकविसाव्या लेण्यात ही दोघं खेळायला बसलेली कोरली आहेत. साक्षात महादेव, पण ते त्या दिवशी मुद्दाम हरले होते, असं एकाही कीर्तनकाराच्या तोंडून मी ऐकलेलं नाही. म्हटलं असतं तर त्यांचा मोठेपणा वाढला नसता, पार्वतीचा मात्र कमी झाला असता.

आणि धर्मराजाचं काय? द्यूतात हरणं म्हटलं की आपल्याला सभापर्वातला धर्मराज आठवतो. मला अलीकडे विराटपर्वातला आठवतो. अज्ञातवासात तो कंक नाव घेऊन विराटाकडे राहिला तो फासे खेळणारा सभासद म्हणून. तोपर्यंत वनात बृहदश्व ऋषींकडून तो अक्षहृदय, म्हणजे फाशांचं मर्म, शिकलेला होता. आता तो पूर्वीसारखा हरणारा राहिला नव्हता. परक्याचं मीठ खायचं, ओळख पटली तर पुन्हा बारा वर्षं वनवास. अशा नोकरीत कुणीही शहाणा माणूस बेताबेतानं हरत राहिला असता. पण हा गृहस्थ खेळात जिंकत होता आणि जिंकलेलं धन गुपचूप भावांना पोचवत होता! पुढे तर विराट आपल्या मुलाच्या पराक्रमाचं कौतुक करत असताना हा श्रेय बृहन्नडेला देत राहिला, तेव्हा राजानं चिडून फासाच त्याच्या तोंडावर मारला आणि नाकातून रक्त काढलं. नाव खोटं, वेष खोटा, धंदा खोटा. पण खेळ खरा. सगळं वर्ष खोटं जगणाऱ्या माणसानं नेमकी हीच एक जागा खरी का ठेवली असेल, याचा वकिलांनी विचार करावा, असं मी त्यांना सुचवलं. ते म्हणाले, “धर्मराजाला कॅरम येत नव्हता.”

या विषयावर गोऱ्या पंडितांनीही डोकं चालवलेलं आहे. योहान हायझिंगा नावाच्या डच इतिहासकारानं १९३८ साली मनुष्यप्राण्याच्या खेळकरपणावर एक आख्खा ग्रंथ लिहिला. त्यात तो म्हणतो की लबाडी करणारा परवडला, कारण तो निदान खेळ मानतो तरी. डाव उधळणारा नको, तो खेळाचं जगच मोडतो. नंतर १९७८ मध्ये, कॅनडात तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या बर्नार्ड सूट्स यांचं पुस्तक आलं. त्याचा नायक गोष्टीतला तो आळशी नाकतोडा. मुंगी कष्ट करते आणि हा हुंदडतो, तोच. सूट्स यांचं म्हणणं थोडक्यात असं की खेळणं म्हणजे गरज नसलेल्या अडचणी आपण होऊन ओढवून घेणं. गोल्फचा चेंडू भोकातच घालायचा असेल तर चालत जाऊन हातानं टाकावा. सोंगट्यांचंही तेच. आमच्या वहिनी हे मत पुस्तक न वाचता गेली कित्येक वर्षं मांडत आहेत.

पण सूट्स यांनी आणखी एक माणूस हेरला आहे. हा नियम सगळे पाळतो, फक्त जिंकायचा प्रयत्न करत नाही. लबाड माणूस जिंकायला बघतो पण नियम मोडतो. हा नियम पाळतो पण जिंकायला बघत नाही. बसलेला असतो बोर्डाजवळ, पण खेळात नसतो. हे वाचलं आणि माझा तो हरवलेला पैसा सापडला. पाच शनिवार अण्णा अडचण ओढवून घेऊन खेळत होते आणि समोर अडचणच नव्हती. भिंतीवर चेंडू मारणाऱ्यालासुद्धा भिंत प्रामाणिकपणे चेंडू परत देते.

लहानपणी आमच्या वाड्यात लपंडाव किंवा आबाधुबी खेळताना एखादं शेंबडं पोर ‘मीपण’ म्हणून मागे लागायचं. त्याला ‘कच्चा लिंबू’ म्हणून घेत. कच्चा लिंबू आऊट होत नाही, त्याच्यावर राज्य येत नाही, त्यानं कितीही धावावं. गंमत अशी की हे त्याला सोडून सगळ्यांना ठाऊक असतं. तो बिचारा जिवाच्या आकांतानं पळतो, आणि आपल्याला कुणीच पकडू शकत नाही म्हणून घरी जाऊन आईला सांगतो. मग एके दिवशी त्याला कळतं. त्या दिवसाचं रडणं पडून गुडघा फुटल्याच्या रडण्यापेक्षा वेगळं असतं, हे ज्यांनी ऐकलंय त्यांना सांगायला नको. पाच वर्षांच्या पोराच्या बाबतीत हे क्षम्य आहे, कारण पुढच्या वर्षी तो पिकणार असतो. सत्तरी उलटलेल्या माणसाला कच्चा लिंबू करायचं म्हणजे फार झालं. तो परत पिकायचा कधी?

तरीही बोलायचं कुणी? मध्यंतरी वहिनी मला दारात म्हणाल्या होत्या, “जिंकले की रात्री झोप बरी लागते हो त्यांना.” एवढं ऐकल्यावर सूट्स आणि हायझिंगा दोघेही जिना उतरून गेले. मी गप्प राहिलो. दोन आठवड्यांनी त्याच म्हणाल्या, “आताशा जिंकूनसुद्धा जागेच असतात.”

त्याच शनिवारची गोष्ट. वकिलांची पांढरी सोंगटी भोकासमोर सरळ रेषेत पडलेली. फुंकर मारली तरी गेली असती. वकिलांनी ती सफाईनं चुकवली आणि हळहळले. अण्णांनी स्ट्रायकर उचलला नाही. म्हणाले, “वकील, हात बघू तुमचा.”

वकिलांनी हात पुढे केला. अण्णांनी तो आपल्या दोन्ही हातांत घेतला. थरथरत्या हातांनी उलटासुलटा करून पाहिला. “कंप तर नाही,” म्हणाले. “मग डोळे दाखवून घ्या. या वयात हयगय करू नये.”

कुणी काही बोललं नाही. मास्तर पेन्सिलीला टोक करू लागले. पेन्सिलीला टोक होतं.

“दीड महिना झाला,” अण्णा म्हणाले, “मी इथे एकटाच खेळतोय. तुम्ही नुसते चहाला येता.” आवाज चढलेला नव्हता, एवढंच बरं. की वाईट, कोण जाणे.

वकिलांनी बाजू मांडली नाही. मला वाटतं त्यांच्या कारकिर्दीतला तो एकमेव खटला असावा. मास्तरांना मात्र मोकळं वाटलं असावं, कारण त्यांनी लगेच योजना मांडली : अण्णांना प्रत्येक गेमला पाच गुण आधीच द्यावेत आणि तसं वहीत तांबड्या शाईनं लिहावं. उघड कारभार. कॅरमच्या नियमातही अशी उघड सवलत आहेच की : २५ गुणांचा गेम, पण ज्याचे २२ झाले त्याला राणीचे ३ मिळत नाहीत. पुढे असलेल्यानं गोडावर हात मारू नये, हे नियमातच लिहिलेलं. गोल्फमध्ये असते, बुद्धिबळात पूर्वीपासून असायची. तगडा खेळाडू आपलं एखादं प्यादं किंवा घोडा काढून ठेवून बसायचा. फोनवरच्या खेळातसुद्धा यंत्र ‘सोपा’ पातळीवर मुद्दाम चुकतं, पण ती पातळी आपण स्वतः निवडलेली असते.

मास्तरांचं सगळं बरोबर होतं, फक्त सवलत घेणाऱ्याच्या बाजूनं त्यांनी विचार केला नव्हता. पॉल मॉर्फी हा अमेरिकन बुद्धिबळपटू १८५९ साली म्हणाला होता की यापुढे एक प्यादं आणि पहिली खेळी समोरच्याला देऊनच मी खेळेन, यावं कुणीही. कुणी आलं नाही. देणाऱ्याला सवलत वाटते, घेणाऱ्याला ती पाटी वाटते, गळ्यात अडकवलेली. अण्णांनी पाच गुण नाकारले. ‘धर्मादाय नको’ म्हणाले.

मग बराच वेळ बोर्डावर पावडर नुसतीच पसरवली गेली. शेवटी अण्णाच म्हणाले, “असं करा. मी माझ्या उजव्या हातानं खेळतो. तुम्ही तिघं डाव्यानं. आणि जीव खाऊन खेळायचं.”

त्या रात्रीसारखा वाईट कॅरम जगात कुठे खेळला गेला नसेल. स्ट्रायकर बोर्डाबाहेर. सोंगटी माझ्या चहात. मास्तरांनी तर स्वतःचाच अंगठा मारला. वहिनी दोनदा बाहेर येऊन बघून गेल्या, कारण आमच्या घरातून (अण्णांचं घर, पण शनिवारी आमचंच) इतका आरडाओरडा बऱ्याच दिवसांत ऐकू आला नव्हता. अण्णांनी पहिला गेम २५–१९ असा घालवला आणि ‘वकील, ती राणी तुम्ही ढापलीत’ म्हणून ते भांडले. इतक्या वर्षांत अण्णा भांडलेले मी पहिल्यांदा पाहिले. ते भांडण नियमाला धरून नव्हतं, राणी वकिलांनी रीतसर घेतली होती, पण मास्तरांनी मुद्दाम पाच मिनिटं चालू दिलं.

हे आता गेलं वर्षभर चाललं आहे. वहीत ‘डावे’ असं नवं सदर आखलेलं आहे. त्यात मी डाव्या हातानं उजव्यापेक्षा बरा खेळतो असं निष्पन्न झालं असून, आयुष्याची इतकी वर्षं भलत्याच हातानं गेली की काय, या विचारानं मला अधूनमधून झोप येत नाही. अण्णा चारातले एक-दोन गेम जिंकतात. हात सुधारलेला नाही. थोडा वाढलाच आहे म्हणतात. पण कट मारताना ते आता कोपर टेकवतात, आणि दहातून एकदा जुनी सोंगटी जाते, तशीच, काही न लागल्यासारखी.

गेल्या शनिवारी शेवटच्या बोर्डाला वकिलांची एक सोंगटी राहिली होती आणि अण्णांच्या दोन. वकिलांनी डाव्या हातानं मारली, ती भोकाच्या कडेला लागून थांबली. अण्णांनी पाठोपाठ दोन्ही घेतल्या. मास्तरांनी चष्म्यावरून वकिलांकडे रोखून पाहिलं.

“देवाशप्पथ मास्तर,” वकील म्हणाले, “मारली होती.” आणि मग आपल्या डाव्या हाताकडे पाहत थोड्या वेळानं म्हणाले, “बहुतेक.”

अण्णा पुढच्या गेमसाठी सोंगट्या लावत होते.